विलासची पुढची काच

शालनवहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भावजी, हे गेले…" एवढंच म्हणाल्या, आणि मग हळूच, "माशांना सकाळचं खाणं पण कुणी घातलं न्हाय." मी अर्ध्या दाढीनिशी पळत सुटलो. माझं ते ध्यान बघायला विलास असता, तर महिनाभर हसला असता.

आम्ही दोघं एसटीतले. तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. कोल्हापूर-गडहिंग्लज रस्त्यावर आमच्या जोडीची उभी हयात गेली. मी मागं प्रवाशांशी भांडायचो, तो पुढच्या काचेतून रस्त्याशी बोलत असायचा. निवृत्तीनंतर त्याला हृदयाचा झटका आला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची कायमची बंद केली. तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. बोलणं नाही, उंबरा ओलांडणं नाही. वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, माणूस बसल्या जागी विझाय लागलाय. कायतरी करा की."

मी काय करणार कपाळ! काचेच्या बरणीत दोन मासे घालून नेले. विलासनं बरणी फिरवून फिरवून बघितली आणि कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. "ही काय रिक्षाची काच हाय व्हय रं? आपल्याला एसटीची पुढची काच असती न्हवं, तेवढी टाकी पायजे."

झालं. वहिनींनी खोली दिली, पण एका अटीवर. "फरशीवर थेंब जरी आला, तर टाकी भाईर आणि सोफा आत." विलासनं टाकीला जागा निवडली ती नेमकी त्याच भिंतीशी. उद्यमनगरातून लोखंडी स्टँड करून आणला मी, जाड काचा कापून आणल्या मी. तो घरात बसून नुसता हुकूम सोडायचा. काचा त्यानं धरायच्या, सांध्यात सिलिकॉन मी भरायचं. पहिल्याच कोपऱ्यात मी माझ्या जुन्या खाकी शर्टाची बाही चिकटवून घेतली… ती कापल्यावरच माझी सुटका झाली. दोन खाकी धागे अजून त्या सांध्यात आहेत.

सिलिकॉन वाळलं, पाणी भरायचा मुहूर्त ठरला, गल्ली जमली. आता, दर दसऱ्याला आमच्या गाडीचा नारळ फोडायचा मान माझा. गाडीच्याच लोखंडावर हाणायचा, ही माझी पद्धत. कुणीतरी हातात नारळ दिला आणि मी सवयीनं तो स्टँडवर हाणला. नारळ सटकला आणि समोरच्या काचेवर आदळला. काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली.

वहिनींचा पदर तोंडाला. मला वाटलं, संपलं… हा आता पुन्हा भिंतीकडं वळणार. विलास तड्याकडं बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. पोट धरून, डोळ्यात पाणी येईस्तोवर हसला. "कंडक्टर, गाडी डेपोतनं निघायच्या आधीच ठोकलीस की रं!" आणि पायात चपला सरकवून म्हणाला, "चल, काच आणू. तुला एकट्याला पाठवायचं न्हाय आता."

झटक्यानंतर पहिल्यांदा तो उंबऱ्याबाहेर पडला होता. तो तडा म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम!

दुसऱ्या खेपेला नारळ वहिनींनी फोडला, माझ्यापासून लांब, बाहेरच्या पायरीवर. टाकी काठोकाठ भरली आणि फरशी कोरडी ठणठणीत राहिली. मासे सोडायच्या आधी पाणी काही आठवडे नुसतं मुरू द्यायचं असतं. शेजारचे तानाजीराव रोज डोकावायचे. "ड्रायव्हर, रिकामीच पळवताय व्हय गाडी?" विलास म्हणायचा, "प्रवासी येतील की. आधी रस्ता तर हुंदे."

आणि आले! लाल, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. विलासनं खुर्ची टाकीसमोर मांडली, तीसुद्धा उजव्या अंगाला, ड्रायव्हरची असते तिथं. रोज संध्याकाळी मी मागं उभा राहून स्टँडवर दोनदा टकटक करायचो, डबल बेल, की तो खाणं सोडायचा. भिंतीकडं तोंड करून बसणारा माणूस त्याच भिंतीसमोर पुढची कितीतरी वर्षं गाडी हाकत होता.

तो गेल्यावर मी संध्याकाळी जायचं टाळणार होतो. पण वहिनींनीच बोलावलं. खुर्ची जागेवर होती. मी उभाच राहिलो. ड्रायव्हरच्या सीटवर कंडक्टरनं बसायचं नसतं. वहिनींनी माशांच्या खाण्याचा डबा घेतला, पदर खोचला आणि त्या खुर्चीत ऐटीत बसल्या. सगळे मासे पुढच्या काचेशी गोळा झालेले…

मागं न बघता म्हणाल्या, "भावजी, डबल मारा की. प्रवासी खोळंबल्यात."