कमरेचा कोयता

डोंगरावरच्या पायवाटा मोकळ्या ठेवणं हे दादांचं काम. फिरायला येणाऱ्यांच्या तोंडावर फांदी येऊ नये, म्हणून हातभर लांब कोयता उजव्या कमरेला लटकवून ते तीस वर्षं चढउतार करत होते. वजनाने पट्टा घसरू नये म्हणून तो करकचून आवळायचा, ही त्यांची खोड. नव्या माणसांनाही ते तेच शिकवत.

मग उजवी मांडी बधिर झाली. एकदा तिच्यावर गरम चहा सांडला, तो पँट ओली दिसली तेव्हा कळला. आता पाय जाणार आणि आपण खाली तिकिटं फाडत बसणार, हे दादांनी परस्पर ठरवून टाकलं आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

पण थोरल्या बहिणीपुढे कसली डाळ शिजते? ती पिशव्या शिवायची. म्यानाला टाके घालायला दादा तिच्या दुकानात गेले, तेव्हा त्यांनी पट्टा आवळताना केलेलं तोंड तिने पाहिलं. सदरा वर करायला लावला, तर कमरेच्या हाडाशी लालभडक खाच. तिने त्यांना तडक डॉक्टरांकडे नेलं. पट्ट्याखाली शीर दबली आहे, ओझं तिथून हलवा, पाय ठीक होईल, असं डॉक्टर म्हणाले. दादांचा विश्वास बसेना.

हलवायचं कुठे? कोयता पाठीवर बांधला, तर वाकताना मूठ डोक्यात टपली मारी. मांडीला बांधला, तर चढावर गुडघा अडे. पिशवीत ठेवला, तर दर फांदीला पिशवी उघडा. शेवटी बहिणीने खांद्यावरून तिरका जाणारा रुंद, मऊ पट्टा शिवला. म्यान डाव्या बगलेखाली आलं आणि हेलकावू नये म्हणून खाली एक नाडी. बायकोची पर्स अडकवल्यासारखं वाटतं, म्हणून दादा आठवडाभर कुरकुरले.

महिन्याभराने ते भरदुपारी दुकानात येऊन उभे राहिले.

"ताई, मला मुंगी चावली."

"मग? त्यासाठी डोंगर उतरलास?"

दादांनी उजव्या मांडीवर हात ठेवला. "इथे चावली. कडकडून चावली गं."

बहिणीने शिलाई मशीन थांबवलं. दादा स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.