धुळीत राहिलेल्या चपला

नातवाच्या नव्या गाडीचं दार उघडलं आणि कोऱ्या चामड्याचा वास आला. पंचावन्न साली वडिलांनी नागपूरहून आणलेल्या काळ्या विलायती मोटारीत हाच वास होता.

तेव्हा मी वीस वर्षांचा. आरमोरीहून वडशाला मोटार घेऊन निघालो, तर शेजारचे फागोजीभाऊ पायी चाललेले दिसले. लेकीच्या सासरी जायचं म्हणून पायात नव्या चपला होत्या. मी म्हटलं, "बसा भाऊ." त्यांनी गादीवरून हात फिरवला, चपला रस्त्यातच काढल्या आणि देवळात शिरावं तसे आत बसले.

मोटार निघाल्यावर आरशात मला त्या चपला धुळीत पडलेल्या दिसल्या. थांबणं सहज जमलं असतं. पण मला हसू आवरत नव्हतं. मित्रांना सांगायला गंमत मिळाली होती.

व्याह्यांच्या दारात भाऊ उतरले आणि थबकले.

"माह्या चपला?"

माझी नजर खाली गेली.

"मीच इसरलो, बाबू. तू कायले वाईट वाटून घेतं?"

लेक पाय धुवायला पाणी घेऊन आली. तिनं आधी बापाचे अनवाणी पाय पाहिले, मग आमची मोटार. त्या नजरेची लाज अजून गेलेली नाही.

"आजोबा, चपला काऊन काढल्या?" नातवानं विचारलं. त्याच्या नव्या गाडीत मी अनवाणीच बसलो होतो.

दाराबाहेर राहिलेल्या माझ्या चपला मी उचलून मांडीवर घेतल्या.