स्टेटसवाल्यांच्या नोटिसा

आमच्या ऑफिसात हल्ली फायली कमी आणि स्क्रीनशॉट जास्त झालेत. सोलापुरातल्या एका सरकारी कार्यालयात मी कारणे दाखवा नोटिसा टाइप करते. पूर्वी त्या उशिरा येणाऱ्यांना जायच्या, आता मोबाइलवाल्यांना जातात. कपाळावर हात मारून घ्यावा, असे किस्से कपाटभर साठलेत.

\*

साहेबांनी परिपत्रक काढलं. कार्यालयीन वेळेत सोशल मीडिया वापरल्यास शिस्तभंगाची कारवाई! ते धाडलं कुठं? ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सकाळी साडेअकराला. पाच मिनिटांत सगळ्यांनी हात जोडले. एकट्या येमुलांनी मोबाइल उघडला नाही, तर त्यांनाच केबिनमध्ये बोलावणं आलं. "परिपत्रक का बघितलं नाहीत?"

\*

आमचा गायकवाड क्लार्क. कंबर धरली म्हणून पंधरा दिवस मेडिकल रजेवर. चौथ्या दिवशी स्टेटसला टेंभुर्णीची वरात, आणि हा डीजेपुढं मेव्हण्याला खांद्यावर घेऊन नाचतोय! निर्लज्जपणा नोटिशीच्या उत्तरात बघा. "मेव्हण्यास खांद्यावर घेतले होते. कमरेवर भार दिलेला नाही."

\*

बिराजदारबाईंनी नव्या साडीतला सेल्फी टाकला. मागच्या टेबलावर बदल्यांची गोपनीय यादी उघडी. लोकांनी झूम करून नावंसुद्धा वाचली. बाई रडल्या, पण कारवाईच्या भीतीनं नाही.

"साडी छान आहे असं एकानंही लिहिलं नाही हो!"

\*

आणि साहेब स्वतः? चहा येईपर्यंत बोटानं स्क्रीन सरकवत स्टाफच्या प्रत्येक फेसबुक पोस्टला लाइक. वाचतंय कोण! आमच्या शिपायाची आई वारली. त्यानं फोटो टाकून श्रद्धांजली लिहिली, त्यालाही साहेबांचं लाइक. तो बिचारा उतरल्या तोंडानं कामावर आला, तर साहेबांनी स्वतःचा मोबाइल त्याच्यापुढं धरला.

"हे बघ, अंगठा निळा झालाय. माझ्या मोबाइलवर निळा, म्हणजे मी लाइक केलंय. दखल घेतली मी तुझी!"

मला त्या माणसाची किळस आली.

\*

मग कोळेकरांचं प्रकरण झालं. कोळेकर आमचे हेडक्लार्क, सांगोल्याकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. गावात टँकर येईना, तेव्हा त्यांनी रिकाम्या पिंपांच्या रांगेचा फोटो फेसबुकवर टाकला. "बारा दिस झालं, टँकर न्हाय. सायेब एसीत, गाव उनात."

पोस्ट जिल्हाभर फिरली. साहेब लालबुंद. "शासनावर टीका! निलंबित करतो. पेन्शन कशी मिळते बघतो! आधी ती पोस्ट डिलीट करा."

कोळेकर शांतपणे म्हणाले, "करतो की. टँकर तर येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी गावात टँकर पोचला. कोळेकरांनी शब्द पाळला, पोस्ट काढली. तरी साहेबांनी चौकशी लावलीच. पस्तीस वर्षं इमानानं नोकरी केलेल्या माणसाची नोटीस टाइप करताना माझी मलाच लाज वाटत होती. सोबत साहेबांनी दिलेला स्क्रीनशॉट जोडायचा होता. त्याची प्रिंट मी रंगीत काढली.

चौकशी अधिकारी बाहेरून आलेले, कायदा कोळून प्यायलेले. ते म्हणाले, "पोस्ट आता नाही. नुसता कागद मी पुरावा म्हणून घेणार नाही. ज्याच्या मोबाइलवर हा स्क्रीनशॉट काढला, त्याचं सहीचं प्रमाणपत्र लागेल."

"माझाच मोबाइल!" साहेब छाती काढून म्हणाले. "मी स्वतः काढलाय. आणा, करतो सही." त्यांनी खिशातलं पेन काढून उघडलं.

कोळेकरांनी ती प्रिंट अलगद त्यांच्यापुढं सरकवली.

"करा की सायेब. फकस्त फोटोखालचा अंगठा कसल्या रंगाचा हाय, तेवढं ह्या सायबांना सांगा."

साहेबांनी प्रिंटकडं बघितलं. मग पेनाला टोपण लावलं.