मी न वाचलेली ओळ

आम्ही दोघे एकाच दिवशी कामाला लागलो. भिलाईतल्या कॉलेजांचं आणि ऑफिसांचं नेटवर्क सांभाळणारी ती एक लहानशी कंपनी. दोघेही मराठी, दोघांचेही वडील स्टील प्लांटमध्ये. फरक एवढाच, की त्याचे वडील अधिकारी होते, सेक्टरमधल्या मोठ्या क्वार्टरमध्ये राहायचे. माझे बाबा कोक ओव्हनवर कामगार, घर रिसालीला. आमच्या घरी युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे यायचे. मी घड्या घालत घालत ती वाचायचो. शाळेच्या पुस्तकाआधी मला ‘शोषण’ हा शब्द वाचता येत होता.

त्यामुळे काम शिकवणारे आमचे सर दर वेळी त्यालाच स्क्रू ड्रायव्हर द्यायचे, तेव्हा माझ्याकडे शब्द तयार असायचे. पक्षपात. अफसरशाही. बाबांना मी तसंच सांगायचो आणि ते मान डोलवायचे. कामावर चहाच्या वेळी मी सगळ्यांना कामगारांची एकता शिकवायचो. शब्द खोटे होते. त्याचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी जळत होतो, आणि त्या जळण्याला तत्त्वाचं नाव देत होतो.

सर प्लांटच्या मेंटेनन्समधून रिटायर होऊन आलेले. तिथली एक पद्धत त्यांनी आम्हाला लावली होती: एकाने कागदावरची पायरी वाचायची, दुसऱ्याने करायची आणि केल्यावर मोठ्याने सांगायचं. वाचल्याशिवाय करणाऱ्याचा हात हलायचा नाही.

त्या दिवशी एका कॉलेजात राउटरचं एक मॉड्यूल बदलायचं होतं. मॉड्यूल म्हणजे ट्रेसारखं सरकून आत बसणारं कार्ड. वरच्या मजल्यावर ऑनलाइन परीक्षा सुरू होती आणि ती त्याच राउटरच्या बाकीच्या कार्डांवर चालत होती. म्हणून राउटर बंद न करता हे एकच कार्ड काढायचं.

सर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “यह काम ठीक हुआ, तो अगले महीने से टीम ये देखेगा.” मग माझ्या हातात कागद दिला. “तू पढ़,” म्हणाले आणि बाहेर गेले.

अंगातली स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणून त्याने मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधला, त्याचा चिमटा राउटरच्या पत्र्याला लावला.

“नवं कार्ड पिशवीतच ठेव,” मी वाचलं.

“पिशवीतच आहे.”

“केबलींना चिठ्ठ्या लावून केबली काढ.”

“काढल्या. अबे, मोर्चात नाही उभा तू. हळू वाच न.”

पुढची ओळ होती: लॅपटॉपवरून मॉड्यूल ऑफलाइन कर, दिवा विझेपर्यंत थांब. मी ती पाहिली. तिच्यावर अंगठा ठेवला आणि खालची वाचली.

“दोन्ही स्क्रू सैल कर.”

ती चूक नव्हती. चालू कार्ड ओढलं तर अख्खा राउटर बंद पडू शकतो, हे मला माहीत होतं. परीक्षा अडकेल, सर त्याला झापतील, टीम त्याला मिळणार नाही. इतकं सगळं मी एका ओळीत बसवलं होतं.

“सैल,” तो म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. कार्ड बाहेर ओढायच्या दोन्ही बाजूंच्या लिव्हरवर अंगठे ठेवून तो थांबला. “हं, आगे?”

दिवा हिरवाच होता. तो माझ्या आवाजाची वाट पाहत होता. त्याला फक्त ‘ओढ’ हा एक शब्द हवा होता, आणि तो माझ्या तोंडात होता.

“थांब,” मी म्हटलं. “एक ओळ राहिली.”

त्याने हात वर घेतले. “बाप रे, हे तं चालूच आहे.”

स्क्रू पुन्हा कसले. मग ऑफलाइन, मग दिवा विझेपर्यंत थांबणं. खालून एका हाताचा आधार देत त्याने जुनं कार्ड सरळ बाहेर घेतलं, नवं कडांना धरून आत सरकवलं. लिव्हर बसल्या. दिवा आधी पिवळा झाला, मग हिरवा. वर कोणाला काही कळलं नाही.

सर आल्यावर तो म्हणाला, “सर, इसने रोका. नहीं तो मैं खींच देता.”

सरांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली. तेव्हाही मला त्याचाच हेवा वाटला. इतकं सरळ बोलणं त्याला फुकटात जमत होतं.

गेटबाहेर चहा पिताना मात्र राहवलं नाही. “ओळ राहिली नव्हती. मी सोडली.”

“कावून?”

“टीम तुले भेटून राहिली म्हणून.”

त्याने ग्लास खाली ठेवला. “वरते पोरं पेपर देऊन राहिले होते बे. अन् तू आमाले एकता शिकवून राहिला.”



त्याने सरांना काही सांगितलं नाही. टीम त्यालाच मिळाली. आता कागद तोच वाचतो आणि काम मी करतो. मला स्क्रू ड्रायव्हर हवा होता, तो मिळाला. मोहन नगरची एक मुलगी नवीन आली आहे. ती “झालं” म्हणाली की तो लगेच पुढची ओळ वाचतो. मी “झालं” म्हणालो की आधी येऊन, वाकून, दिवा स्वतः पाहतो. त्याचं बरोबर आहे. पण त्या मुलीवरचा त्याचा भरवसा मला बघवत नाही.