चादरीखालचा दुसरा डबा

थांबामास्तरांबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी भांडते. पाटीवर भांडते, हा भाग वेगळा. सहा वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये माझं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून मला बोलता येत नाही. त्याआधी पस्तीस वर्षं मी एका कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होते आणि तोंडाचा पट्टा घरीदारी सारखाच चालायचा. आता तो हातात आलाय, एवढंच.

थांबामास्तर म्हणजे जुने रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारे सत्तरीचे गृहस्थ. स्टेशनरीच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या टोकाला त्यांची खोली. मास्तर ते कधीच नव्हते. पण कोणी घाईनं बटणाला हात लावला की ते म्हणतात, "थांबा." व्हॉल्व्हचं, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचं यंत्र तापायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ ते काही ऐकवत नाहीत, काही विकत नाहीत, शांतपणे चष्मा पुसत बसतात. गिऱ्हाईक चुळबुळत राहतं.

आमच्या ह्यांनी त्यांचा जिना गाठला तो एका कॅसेटपायी. लग्नानंतर पाचव्या वर्षी हे दूरच्या एका धरणावर स्टोअरकीपर होते, दीड वर्ष. मला पत्रं लिहायचा कंटाळा. बोलायचा कधीच नव्हता. म्हणून मी कॅसेटवर बोलून ती पोस्टानं पाठवायचे. पुढे लेकीनं त्यांच्यावर गाणी भरून टाकली, एक तेवढी वाचली. आणि नेमका घरातला प्रीअँप घरघरायला लागला. कॅसेटमधला बारीक आवाज मोठ्या यंत्राकडे जायच्या आधी हा डबा त्याला सांभाळून पुढे देतो. ह्यांनी कुठंतरी वाचलं की व्हॉल्व्हच्या प्रीअँपमधून माणसाचा आवाज माणसासारखा येतो. झालं. तीन महिने घरात दुसरा विषय नाही. आपल्याला परवडेल असा कुठला, नवा घ्यावा की जुना, ऐकून ऐकून माझं डोकं उठलं.

खरं सांगायचं तर मलाही तो हवा होता, आणि का ते मी कोणाला लिहून दाखवलं नव्हतं. वाचताना, विचार करताना माणसाच्या डोक्यात स्वतःचाच आवाज चाललेला असतो. माझा पुसट होत चालला होता. सकाळी पेपर वाचायला बसलं की आत कोण वाचतंय तेच कळेना. मला त्याची फार भीती वाटायची. गळ्यातून गेला ते मी कसंबसं सोसलं होतं, डोक्यातूनही गेला तर मग उरणार काय?

हे दोनदा एकटेच जाऊन आले. दुसऱ्यांदा मास्तरांनी त्यांना सरळ सांगितलं, "ज्यांचा आवाज आहे त्यांना घेऊन या. तुमच्या एकट्याच्या कानावर मी डबा देणार नाही."

म्हणून मी गेले. गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत तो जिना चढले. खोलीत भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि कुठंही धूळ नाही. मास्तर म्हणाले, "या वहिनी, जिन्यानं दमवलं ना?" मी पाटीवर लिहिलं, "जिना की शिक्षा?" तर मास्तरांनी खडू मागून घेतला आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं, "माफ करा."

हे नेहमीचंच. मी लिहिते म्हटल्यावर माणसं लिहून तरी उत्तर देतात, नाहीतर कानाशी येऊन ओरडतात. मी खडू हिसकावून लिहिलं, "मला ऐकू येतं. बोलता येत नाही, इतकंच." मास्तरांचे कान लाल झाले. "चुकलो, वहिनी," म्हणाले आणि स्वतःच्या खुर्चीवरची उशी काढून माझ्या स्टुलावर ठेवली. सारवासारव नाही, पाल्हाळ नाही. तिथंच मला हा माणूस आवडला.

टेबलावर तीन प्रीअँप होते. एक चकचकीत, व्हॉल्व्हच्या बुडाशी निळा उजेड. ह्यांचे डोळे तिथंच खिळले. मास्तर हसले. "तो उजेड व्हॉल्व्हचा नाही. खाली दिवा बसवलाय, तुमच्यासारख्यांसाठी." दुसरा जुना, जड, कोणाच्या तरी घरातून विकायला आलेला. तिसरा मास्तरांनी स्वतः बनवलेला. पत्र्याचा डबा, एका बाजूला रंगाचे पोपडे. ह्यांनी किंमत विचारली.

"आधी कान, मग किंमत. तिन्ही तुम्हाला झेपतील असेच काढलेत." आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलं, डब्यांच्या जागा बदलल्या आणि वर चादर टाकली. मग दोन मिनिटं चष्मा पुसणं.

पहिला डबा लावला. चौतीस वर्षांपूर्वीची मी ह्यांना छत्री हरवल्याबद्दल झाडत होते. आवाज बारीक, टोकदार. हे रडायलाच लागले. "हाच. अगदी हीच." मला पटेना. ही कुठली किरकिरी बाई? एक्स्चेंजवर लोक माझ्या आवाजाची तारीफ करायचे, ती ह्या आवाजाची?

दुसरा लावला. तीच छत्री, तेच झाडणं, पण आवाज भरलेला, छातीतून आलेला. ही मी होते. सहा वर्षं जिला शोधत होते ती. मी ह्यांचा हात घट्ट धरला, तर हे म्हणतात, "छे, ही कोण? तू अशी कधी बोलायचीस?"

तिसरा आम्हाला दोघांनाही आवडला नाही. पण तिथवर आमची जुंपली होती. खडूचे दोन तुकडे झाले. मी लिहिलं, "माझा आवाज मला माहीत की तुम्हाला?" हे म्हणाले, "एक्स्चेंजवरून तू 'नमस्कार' म्हणायचीस तो ऐकायला मी रोज खोटी कामं काढून फोन करायचो. मला सांगतेस?"

"थांबा," मास्तर म्हणाले.

मग कळलं की दुकान काढायच्या आधी अकरा वर्षं ते कानाच्या दवाखान्यांतली तपासणीची यंत्रं दुरुस्त करायचे. "आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा जबड्याच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो भारदस्त लागतो. बाकीच्यांना नुसता हवेतला मिळतो. तुम्ही दोघंही खरं बोलताय."

एकोणचाळीस वर्षांचा संसार, आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे एका घरात हे एका बाईबरोबर राहत होते आणि मी दुसरीच बाई होते. आता डबा एकच घ्यायचा. कुठली बाई घरी न्यायची?

ह्यांनी डोळे पुसले. मग मास्तरांना म्हणाले, "दुसरा द्या. माझ्या कानातला मला पाठ आहे. तिचा तिलाच ऐकू येईनासा झालाय." मी कोणाला लिहून दाखवलं नव्हतं ते ह्यांना ठाऊक होतं. मी पाटी उलटी ठेवली.

दुसरा म्हणजे मास्तरांचाच पत्र्याचा डबा निघाला. "मला खर्ज आवडतो, म्हणून खालचे सूर जरा वाढवून ठेवलेत यात. पण अजून तुमचे झाले नाहीत," असं म्हणत त्यांनी डबा उघडला. बारीक पेचकस घेऊन आतली एक कळ केसभर फिरवायची, दोन वाक्यं ऐकवायची. "बरोबर वाटलं की हात वर करा, वहिनी." तासभर ते उभे होते. जिन्यात दोन गिऱ्हाइकं थांबून गेली. हात वर केला तेव्हा त्यांनी कळीवर लाल रंगाचा ठिपका दिला, हलू नये म्हणून. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनीच माझे खांदे धरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी डबा लावला. मी समोर बसले. छत्री झाली, गळका नळ झाला, लेकीला आलेला पहिला दात झाला. मला कळायच्या आत माझे ओठ हलायला लागले. शब्द मला येतच होते, माझेच तर होते. ओठ माझे आणि आवाजही माझा, आतून यायचा अगदी तसा. हे वर्तमानपत्र बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

कॅसेटवर मी प्रश्न विचारून थोडी जागा सोडायचे, जणू पलीकडून लगेच उत्तर येणार होतं.

"वेळेवर जेवता ना?" मी विचारलं, आणि थांबले.

"जेवतो गं," हे म्हणाले.