दोन भिंतींत तुटलेलं गाणं

प्रकाशा गावाच्या वाचनालयात ग्रंथपाल लोटनभाऊंचा एकच देव, पुस्तकाचा क्रमांक. भाषेची पुस्तकं खिडकीच्या भिंतीला, साहित्याची समोरच्या. व्याकरणाशेजारी कुणी कादंबरी खोचली, तर भाऊंना त्या दिवशी चहा गोड लागत नसे. बायको बेबीबाई म्हणे, "घरमा मीठ कोठे शे ते ठाऊक नही, अन् पुस्तकेसले जागा देतस!"

चूक झाली ती या शिस्तीपायीच. सातपुड्यातल्या रूपसिंग पावरांचं एक लांबलचक गाणं कुणा प्राध्यापकानं लिहून घेऊन दोन भागांत छापलं होतं. पहिल्या भागाला पावरी बोलीतल्या शब्दांचे अर्थ जोडलेले, म्हणून तो भाऊंनी भाषेत लावला. दुसऱ्यात नुसतं गाणं, तो गेला साहित्यात. गाणं मधोमध तुटलं, पण क्रमांक चोख बसले. भाऊ खूश.

होळीनंतर मात्र भर दुपारी, वाचनालयात चिटपाखरू नसताना, खिडकीच्या भिंतीकडून गुणगुण ऐकू येऊ लागली. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. रोज एकाच जागी अडे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. भाऊंनी पंखा बंद करून पाहिला, तर आवाज आणखी स्वच्छ झाला. "कोन शे तठे?" त्यांनी दारातूनच विचारलं.

अशाच एका दुपारी रूपसिंगांची मुलगी शांतीबाई, बापाच्या गाण्याचं पुस्तक इथं आहे असं ऐकून, डोंगरातून उतरून आली. दारातच तिला गुणगुण ऐकू आली आणि तिचे डोळे भरले.

"मन्हा बा होळीले गाता गाता मरी गया, भाऊ. गानं अर्धंच ऱ्हायनं. आमनामा सुरू करेल गानं कोनी सोडत नही. ते पुरं व्हवाशिवाय बा जावाव नही. माले वाचता येत नही. तुम्ही वाचा."

भाऊंनी पहिला भाग उघडला. अर्थ कळत नव्हता, पण अक्षरं ओळखीची होती. वाचू लागताच तो आवाजही बरोबर म्हणू लागला. पहिला भाग संपला, आवाज रोज अडायचा तिथंच. दुसरा समोरच्या भिंतीला. खोली ती केवढीशी, पण भाऊंना ती संपेना, कारण मागोमाग कुणीतरी अनवाणी चालत येत होतं. भाऊंनी वळून पाहिलं नाही. शांतीबाईनं पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला.

दुसऱ्या भागात आवाज बारीक होत गेला. शेवटची ओळ भाऊंना एकट्यालाच म्हणावी लागली.

"गया," म्हणत शांतीबाई धाय मोकलून रडली. मग डोळे पुसून, चपला घालता घालता म्हणाली, "आते हाई गानं तुम्हनं, भाऊ. ज्यानी शेवट कया, त्याना मांगे म्हननारं कोनीतरी लागस. तुम्हना मांगे कोन शे?"

भाऊंना मूलबाळ नव्हतं.

आता दोन्ही भाग त्यांच्या टेबलावर एकत्र असतात, क्रमांकाशिवाय. कुणी आत शिरलं की भाऊ आधी खुर्ची पुढे सरकवतात. "बस ना रे जरासा, गानं ऐक," म्हणतात. माणसं काहीतरी निमित्त काढून निघून जातात. मग भर दुपारी भाऊ एकटेच गुणगुणू लागतात. रूपसिंगांचा आवाज जिथं अडायचा, तिथंच हल्ली त्यांचाही अडतो.