आडव्या बाटलीचं मत

बाळांनो, राळेगावच्या वाटेवर एका गावात, बसथांब्यासमोरच देशी दारूचं जुनं दुकान आहे. त्याच्या दारात एक बाई उकडलेली अंडी विकते. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती दरडावते, “आधी खा, मंग जा.” माणसं मुकाट्याने खातात.

हे दुकान चालू ठेवायचं का, यावर आता गावातल्या बायकांचं मतदान आहे. चालू हवं तर उभ्या बाटलीच्या चित्रावर शिक्का, बंद हवं तर आडव्या बाटलीच्या.

बसची वाट पाहताना मी तिला विचारलं, “तुमचा शिक्का कुठे?”

“आडवीवर,” अंडं सोलत ती म्हणाली.

“मग तुमचा धंदा?”

“बुडन. पण हे लोक घरी जाऊन जेवतीन ना, आजी.”

तेवढ्यात एक जण न खाताच आत निघाला. तिने त्याची बाही धरली आणि सोललेलं अंडं त्याच्या हातावर ठेवलं.